रंग देणार म्हणून लाकूड हलकं नको

नगर रस्त्यावर खराडी मागे पडली की वाघोली लागते. पुणे महापालिकेत ३० जून २०२१ रोजी जी २३ गावं आली, त्यांतलं हे एक. उंच इमारतींच्या गर्दीबरोबरच इथे, आणि केसनंद, आव्हाळवाडी, बकोरीच्या बाजूलाही, बंगले आणि रो हाउसही उभी राहिली. अशा घरांना पोर्च हवा असतो, पुढे एखादी पडवी हवी असते, गच्चीवर पेर्गोला हवा असतो, आणि त्याला लाकडी खांब हवेत असं पुष्कळ जणांना वाटतं. वाटावंच. लोखंडी नळापेक्षा रंगवलेला लाकडी खांब घराला जास्त शोभतो. अडचण येते ती लाकूड ठरवताना. घरमालक, ठेकेदार, कधीकधी आर्किटेक्टही एकच वाक्य बोलतात, ‘वरून ऑइलपेंटच मारायचाय, मग सागवान कशाला? जंगली चालेल, पाइन चालेल.’ पॉलिश करायचं असेल तर लाकूड भारी, रंगवायचं असेल तर हलकं, हा हिशेब बाजारात इतका मुरला आहे की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. घराबाहेर उभा राहणारा, छताचा भार पेलणारा आणि रंगाखाली झाकला जाणारा खांब उघड्या लाकडाच्या खांबापेक्षाही जास्त पारखून घ्यायला हवा. कारण एकदा रंग चढला की आतलं लाकूड पुन्हा कुणी बघत नाही.

आधी ताकदीचा प्रश्न बाजूला काढू, कारण चर्चा नेहमी तिथेच अडकते. पोर्चचं छत म्हणजे फार मोठं ओझं नाही. चार इंची चौरस, सरळ रेषांचा, मोठ्या गाठी नसलेला खांब ते सहज उचलतो, मग तो सागाचा असो की पाइनचा. उभं केलं त्या दिवशी दोन्ही सारखेच ठाम दिसतात. फरक पडतो तो पाचव्या, सातव्या, दहाव्या पावसाळ्यात, आणि तो ठरतो कुजण्यावर, वाळवीवर आणि घुणीवर. याचं मोजमाप आपल्याकडे फार पूर्वीपासून होत आलं आहे. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ पासून काम करते. तिथल्या पद्धतीनं निरनिराळ्या झाडांच्या लाकडाचे दोन इंच जाडीचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि ते किती महिन्यांत निकामी होतात हे नोंदवतात. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकलं तर लाकूड पहिल्या वर्गाचं, ६० ते १२० महिने टिकलं तर दुसऱ्या, आणि ६० महिन्यांच्या आत संपलं तर तिसऱ्या वर्गाचं. सागाचा गाभा, साल आणि देवदार पहिल्या वर्गात बसतात. आंबा, सावर, चीड ही तिसऱ्यात. पोर्चचा खांब जमिनीत पुरलेला नसतो, त्यामुळे त्याचं आयुष्य या आकड्यांपेक्षा जास्त असेल हे मान्यच. पण झाडाझाडांतला क्रम बदलत नाही, आणि पायाशी पाणी साचत असेल तर खांबाची अवस्था त्या पुरलेल्या तुकड्यापेक्षा फार वेगळीही राहत नाही.

झाडाचं नाव कळलं म्हणजे लाकूड कळलं, असंही नाही. एकाच झाडात दोन प्रकारचं लाकूड असतं. मधला गडद गाभा आणि सालीकडचा पांढरट भाग. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, वाळवीला ती मानवत नाहीत. म्हणून सागाची कीर्ती. पण सागाच्याच पांढऱ्या भागात ती नसतात. तो भाग जिवंतपणी झाडाचं पाणी वाहून नेतो, त्यात पिष्ट साठतं, आणि घुणीला तेच हवं असतं. कुठल्याही झाडाचा पांढरा भाग बाहेरच्या कामात टिकाऊ नसतो, मग पावतीवर झाडाचं नाव काहीही असो. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचं मोठं पीक आलं होतं. झटपट वाढवून लवकर तोडलेल्या अशा कोवळ्या सागात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त भरतो. तेव्हा ‘सागवान वापरलं आहे’ एवढ्या वाक्यानं घरमालकानं निश्चिंत होणं धोक्याचं. पॉलिशच्या कामात पांढरा पट्टा डोळ्याला खुपतो म्हणून सुतार स्वतःच तो टाळतो. रंगाच्या कामात तसं कुणाला खुपत नाही, म्हणून नेमके तेच पांढरे, गाठाळ, चिरलेले नग रंगाच्या खांबांसाठी बाजूला पडतात. चिरांत लांबी भरतात, पॉलिशपेपर फिरवतात, प्रायमर मारतात, आणि अर्ध्या दिवसात चांगला खांब आणि वाईट खांब सारखेच दिसू लागतात. तुकडे एकमेकांत गुंतवून चिकटवलेलं रबरवुड किंवा पाइन हे त्याचंच कारखान्यातलं रूप. घराच्या आत, कोरड्या जागी कपाटाला ते उत्तम. बाहेर भार घेणाऱ्या खांबाला ते वापरणं मला बेजबाबदार वाटतं, कारण प्रत्येक सांध्यात आडव्या कापाची तोंडं असतात आणि सांधा उकलला की पाणी थेट आत जातं.

यावर सगळ्यात पहिला आणि वरवर अगदी पटणारा आक्षेप असा की रंग असतोच मुळी लाकूड वाचवायला. मग रंग दिल्यावर लाकूड साधं असलं तरी काय बिघडतं? रंग काय करतो आणि काय करू शकत नाही हे त्यासाठी नीट बघायला हवं. रंग ऊन अडवतो, पावसाचा थेट मारा अडवतो, लाकडाचं ओलं-कोरडं होणं मंदावतो. पण थांबवत नाही. हवेतली वाफ रंगातूनही हळूहळू आत-बाहेर करते, आणि लाकूड फुगतं, आक्रसतं. तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं होणारा फरक गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या फरकाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणूनच चौकोनी खांब चिरतो, सांधे उघडतात, आणि रंगाच्या थरात केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं वेगानं आणि बाहेर पडतं संथपणे, कारण उरलेला सगळा थर त्याला अडवून धरतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला की बुरशीचं फावतं. उघडं लाकूड दोन दिवसांच्या उन्हात वाळलं असतं; रंगाखालचं लाकूड आठवडेच्या आठवडे दमट राहतं. लाकडाच्या आडव्या कापाचं तोंड, म्हणजे खांबाचा तळ आणि माथा, बाजूंच्या मानानं कितीतरी पट वेगानं पाणी ओढतं, आणि रंगारी नेमका तिथे पोचत नाही. खांब उभा झाल्यावर त्याच्या तळाला ब्रश लावणार कसा?

पुण्याच्या पूर्वेकडची हवा या बाबतीत फसवी आहे. कोकणातल्या माणसाला पावसाचा धाक असतो, तिथे लाकडाची काळजी घेणं अंगवळणी पडलेलं असतं. इथे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस, पूर्वेला सरकावं तसा आणखी कमी. त्यामुळे कुजण्याची भीती कुणाला वाटत नाही. पण रंगाच्या थराला पावसाच्या प्रमाणापेक्षा हवेतला चढउतार जास्त जाचतो. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवा अगदी कोरडी पडते. लाकूड आक्रसून सांधे उघडतात. मग एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो आणि सगळ्या उघड्या चिरांत पाणी भरतं. पुढे जून ते सप्टेंबर ढगाळ, दमट हवा, वाळायला ऊन नाही. हे चक्र दरवर्षी. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पोर्चच्या खांबांवर रंग सगळ्यात आधी उकलतो तो यामुळे. आणि मुळात ओलं लाकूड उभं करून त्यावर घाईनं रंग मारला असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात फोड येतात, कारण आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत असतं.

लपून राहणं ही रंगाची दुसरी बाजू, आणि माझ्या दृष्टीनं ती पहिलीहून गंभीर. वाळवी लाकूड आतून पोखरते आणि बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवते. रंगाचा गुळगुळीत थर तिला आयता आडोसा ठरतो. खांब बाहेरून चकचकीत दिसत असतानाच पायाशी स्क्रूड्रायव्हर टोचावा तर तो आत शिरतो, अशी अवस्था येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. कपाटाच्या फळीला असं झालं तर नुकसान पैशांचं. खांबाला झालं तर त्याखाली माणसं उभी असतात. मोठ्या गृहसंकुलांत क्लबहाउसच्या पुढे, मुलांच्या खेळाच्या जागेशेजारी असे लाकडी मांडव उभारलेले दिसतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे ती १५ वर्षांच्या पुढच्या इमारतींसाठी. १५ ते ३० वर्षांपर्यंत दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी. सिमेंट-काँक्रीटच्या हिशेबानं ते योग्यच आहे. पण तिसऱ्या वर्गाच्या लाकडाचा खांब त्या पहिल्या तपासणीची वाट बघत उभा राहणार नाही. बांधकामातल्या लाकडाविषयीचं भारतीय मानक, आय. एस. ८८३, लाकडावर किती ताण येऊ द्यायचा याचे आकडे तीन परिस्थितींसाठी वेगवेगळे देतं. घराच्या आत, घराबाहेर आणि सतत ओल्या जागी. जागा जितकी ओली तितका आकडा खाली. त्यात ‘रंग दिलेलं लाकूड’ असा चौथा रकाना नाही. रंग दिल्यानं बाहेरचं लाकूड आतलं होत नाही.

मग टिकतं ते कशानं? याचं उत्तर पुण्याला बाहेरून आणायची गरज नाही. १७३० ते १७३२ या काळात शनिवारवाडा उभा राहिला तेव्हा सागवान जुन्नरच्या रानातून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून, असं सांगितलं जातं. १८२८ च्या आगीत तो जळाला नसता तर आज त्याचे खांब कसे असते, हा तर्काचा भाग झाला. पण विश्रामबागवाडा किंवा वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा आपल्यासमोर उभा आहे. दोन शतकं आणि त्याहून जास्त काळ अशा वाड्यांचं लाकूड टिकलं, त्याला केवळ ‘पूर्वीचं सागवान चांगलं होतं’ एवढंच कारण नाही. खांब जमिनीत गाडलेला नसतो, फरशीलाही टेकलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. जोतं अंगणापासून उंच, जोत्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, आणि वरून पुढे आलेली वळचण, म्हणजे पागोळ्या खांबापासून दूर अंगणात पडतात. खांबाच्या तळाशी पाणी आलंच तर ते उतरून जातं, वारा लागतो, लाकूड वाळतं. आणि वाळवीला मातीतून वर चढायचं तर दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, ती डोळ्यांना दिसते. लाकूड निवडणं आणि खांबाचा पाय सोडवणं या त्या कारागिरांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या; एकाच निर्णयाची ती दोन टोकं होती. आज आपण उलट करतो. खांब उभा करून त्याच्याभोवती सिमेंट ओततो, टाइल्स घट्ट बसवतो, फटीत सिलिकॉन भरतो. काम नीटनेटकं दिसतं, पण तळाशी पाण्याची वाटी तयार होते आणि खांब तिच्यात उभा राहतो. अशा वाटीत सागाचा गाभाही फार काळ तग धरणार नाही.

वाघोलीच्या माणसाला तळखडा परका वाटायचं कारण नाही. हे पिलाजीराव जाधवरावांचं गाव. वाघेश्वराच्या मंदिराच्या परिसरात जुनं घडीव दगडकाम आजही बघायला मिळतं. आणि काळ्या दगडाच्या खाणींसाठी तर वाघोली कित्येक वर्षं ओळखली जाते. पुण्याच्या वाढीला लागलेली खडी मोठ्या प्रमाणात इथून गेली. त्याच दगडाचा सहा-आठ इंच उंचीचा, वरून किंचित उतार दिलेला तळखडा घडवून घेणं हे नव्या बंगल्याच्या खर्चात दिसणारही नाही. मात्र जुन्याची नुसती नक्कल करून भागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. वाड्याचा खांब तळखड्यावर ठाम राहायचा तो वरच्या मजल्याच्या आणि कौलांच्या वजनानं. आजच्या पोर्चवर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेटची हलकी शीट असते, आणि वळवाच्या वाऱ्यात ती खालून उचलली जाते. अशा छताचा खांब नुसता दगडावर ठेवणं चूक. तळखड्यात स्टेनलेस स्टीलची सळई रोवून ती खांबाच्या तळात घ्यावी, किंवा गॅल्वनाइज केलेला लोखंडी बूट वापरून लाकूड फरशीपासून दोन-तीन इंच वर ठेवावं, आणि बुटाला पाणी निघून जायला भोक ठेवावं. इंजिनिअरला विचारून करण्याचं काम हे आहे. फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडण्याचं नाही.

रंगवलेल्या लाकडाचं एक मोठं उदाहरण जपानात आहे. मियाजिमा बेटासमोर भरती-ओहोटीच्या पाण्यात उभं असलेलं इत्सुकुशिमा देवस्थानाचं शेंदरी महाद्वार. आजचं द्वार १८७५ सालचं. ते पूर्ण रंगवलेलं आहे, तरी त्याच्या दोन मुख्य खांबांसाठी त्यांनी हलकं लाकूड घेतलं नाही. कापराच्या झाडाचे प्रचंड, किडीला न मानवणारे बुंधे शोधून आणले. एवढं करूनही विसाव्या शतकाच्या मध्याला खांबांचे पाय नव्यानं जोडावे लागले, आणि २०१९ ते २०२२ या काळात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा वाळवी आणि कुज दोन्ही आढळलं. रंगाचा मान राखणाऱ्या त्या कारागिरांनीही भरवसा ठेवला तो रंगाखालच्या लाकडावर आणि वेळोवेळी पाय तपासण्यावर.

आता खर्चाचा आक्षेप. सागवान महाग आहे यात वाद नाही. पण किती लागतं ते मोजून बघावं. चार इंच बाय चार इंच, नऊ फूट उंचीचा खांब म्हणजे बरोबर एक घनफूट. चार खांबांचा पोर्च म्हणजे चार घनफूट. कापणीची घट धरून पाच म्हणा. घराच्या आतल्या एका दाराची पाच बाय अडीच इंची चौकट, सात फुटी दोन उभे आणि तीन फुटी एक आडवा, ही जवळजवळ दीड घनफूट खाते. म्हणजे तीन दारांच्या चौकटींना जेवढं लाकूड लागतं तेवढ्यात पोर्चचे चारही खांब होतात. आतली चौकट ना पाऊस बघते ना छत पेलते, तिला आपण हौसेनं सागवान देतो. आणि जो खांब ऊन-पाऊस सोसत छत उचलून धरतो त्याला ‘रंगच द्यायचाय’ म्हणून पाइन. वाटणी चुकली आहे ती इथे. बजेट ठरलेलं असेल तर आतल्या चौकटींना पर्याय शोधावा, ते सोपं आहे. शिवाय कुजलेला खांब बदलायचा तर छताला टेकू द्यावे लागतात, टाइल्स फोडाव्या लागतात, पन्हाळ सोडवावी लागते, पुन्हा रंगारी बोलवावा लागतो. लाकडाची बचत या एका दुरुस्तीत बुडते.

प्रक्रिया केलेल्या पाइनचा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला मी नाही म्हणणार नाही. लाकडात दाबाखाली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचे क्षार भरण्याची पद्धत मुळात भारतीय शास्त्रज्ञाची. सोंटी कामेशम यांनी डेहराडूनच्या याच संस्थेत १९३३ साली ती शोधली, ‘ॲस्कू’ या नावानं ती गाजली, आणि जगभरातले विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर तिनं टिकवले. पाइनचा पांढरा भाग हे द्रावण सहज पितो, त्यामुळे नीट प्रक्रिया झालेला पाइनचा खांब बाहेर चांगला टिकू शकतो. पण ‘नीट’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. बाजारात ‘ट्रीटेड’ म्हणून जे मिळतं त्यात दाबाखाली भरलेलं आणि नुसतं बुडवून काढलेलं असे दोन्ही प्रकार असतात, आणि वरून त्यांत फरक ओळखू येत नाही. साइटवर खांब कापला की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. त्या तोंडाला पुन्हा औषध पाजायला हवं, ते सहसा राहून जातं. शिवाय आर्सेनिकमुळे अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी ही प्रक्रिया थांबवली. तिचे उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत जाळणं घातक असतं. बांधकामाच्या जागी थंडीत शेकोट्या कशाच्या पेटतात हे सगळ्यांना माहीत आहे. प्रक्रिया कशी झाली याचं प्रमाणपत्र देणारा आणि आर्सेनिक नसलेली प्रक्रिया वापरणारा पुरवठादार मिळाला तर पाइन जरूर घ्यावं. तसा नसेल तर निव्वळ ‘ट्रीटेड’ या शब्दावर छत टेकवू नये.

जंगलाची काळजी वाटणाऱ्यांचा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. एका पोर्चसाठी साग तोडायचा का? साग, ऐन, किंजळ, बीजा ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीचं जे सागवान बल्लारशाच्या आगारांतून लिलावानं विकलं जातं, ज्यातलं काही २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, ते वनखात्याच्या आणि १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या नियोजनाखाली तोडलेलं असतं. घेणाऱ्यानं पावती आणि वाहतूक पास मागावा, एवढी किमान जबाबदारी. पण खरा प्रश्न वर्षांचा आहे. एक खांब चाळीस वर्षं टिकला आणि दुसरा आठ वर्षांत बदलावा लागला, तर जंगलावर जास्त भार कुणाचा? हलकं लाकूड वरचेवर बदलणं म्हणजे झाडं वाचवणं नाही. आणि पुण्यात तर यावर फार चांगला मार्ग आहे. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाचं लाकूड विकायला येतं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे चौकशी केली तर असं जुनं सागवान कापून देणारे भेटतात. ते शंभर वर्षं वाळलेलं असतं, त्याचं वाकणं-चिरणं बहुतेक होऊन गेलेलं असतं, आणि त्यासाठी नवं झाड पडत नाही. खिळ्यांची भोकं असतात, रंग असमान असतो, म्हणून पॉलिशवाले त्याला नाकं मुरडतात. रंगवायच्या खांबाला या दोषांचा काहीच त्रास नाही. रंगाच्या कामासाठी याहून योग्य लाकूड मला माहीत नाही. फक्त रंधा मारण्याआधी खिळे काढून घ्यावेत आणि टोकाकडचा कुजका भाग निर्दयपणे छाटावा.

ते मिळालं नाही तर नव्या सागाचा गाभा. तोही परवडत नसेल तर कोकणात घरांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं किंजळ आहे, फणसाचा पिवळा गाभा आहे. किंजळ आणि ऐन जड, मजबूत. पण वाळताना चिरतात, म्हणून ते पुरेसं वाळलेलंच घ्यायला हवं, नाहीतर रंगाला पहिल्याच वर्षी भेगा जातात. आपल्याकडच्या बाभळीचा गाभा चिवट आहे, मात्र नऊ फूट सरळ नग मिळणं कठीण. ‘मलेशियन साल’ या नावाखाली एकापेक्षा जास्त झाडांचं लाकूड विकलं जातं, तेव्हा नावावर न जाता वजन, रंग आणि रेषा बघाव्यात. आंबा, निलगिरीचे कोवळे वासे, खोक्यांचं पाइन, रबरवुड यांना बाहेरच्या खांबात जागा नाही. आणि ज्याला यातलं काहीच जमणार नाही, दर पावसाळ्यानंतर खांबाच्या पायाशी बघायलाही वेळ मिळणार नाही, त्यानं सरळ काँक्रीटचा खांब घ्यावा. लोखंडी नळ हा मात्र वाटतो तितका निर्धास्त पर्याय नाही. तोही पायाशीच, रंगाखालीच गंजतो. लाकूड वापरलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. वापरलं तर ते छत पेलणारं लाकूड आहे हे विसरू नये, एवढाच आहे.

यासाठी घरमालकानं करायची गोष्ट सोपी आहे, आणि ती करारातच लिहून घ्यावी. खांबांचं लाकूड प्रायमर लागण्याआधी मालकाला किंवा त्याच्या आर्किटेक्टला दाखवलं जाईल, त्यात सालीकडचा पांढरा भाग नसेल, ओलावा मीटरनं मोजून १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असेल. ओलावा मोजायचं यंत्र हातात मावतं आणि सुताराच्या चांगल्या रंध्यापेक्षा महाग पडत नाही. खांब उभा करण्याआधी, आडवा असतानाच, त्याच्या सहाही बाजूंना प्रायमर लागावा. तळाच्या आणि माथ्याच्या तोंडांना दोन-तीन हात. साग तेलकट असतो, रंग धरत नाही ही तक्रार खरी आहे. ताज्या रंधलेल्या पृष्ठावरून थिनरचं फडकं फिरवून लगेच प्रायमर मारला तर तो धरतो. हे सगळं फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरकावं, जूनच्या तोंडावर नाही. आणि प्रायमर मारून आलेले खांब टेंपोतून उतरले तर ते परत पाठवायचा हक्क मालकाला असावा. आर्किटेक्टांनी आणि बिल्डरांनी ही अट स्वतःहून आपल्या कागदांत घातली, तर ज्यांना गाभा आणि पांढरा भाग यातला फरक माहीत नाही, त्यांच्या घरांच्या पोर्चखालीही माणसं बिनघोर उभी राहतील.